झाडावरचा फोन आणि नदीचा गेम

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला जव्हारच्या एसटी स्टँडसमोर मोबाईलची दुकानं कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली होती, आणि त्यातल्या एका दुकानात मी गेम तपासायच्या कामाला होते. हे सांगितलं की आजही लोक हसतात. मास्तरांची मुलगी, डी.एड. झालेली, आणि काम काय, तर दिवसभर गेम खेळायचे! पण मला त्या कामाची भीती वाटायची, हे मात्र कुणाला पटत नाही.

काम असं होतं. मोबाईल कंपनीचं इंटरनेटवर गेमचं एक दुकान होतं. तिथं सतत नवे गेम यायचे. प्रत्येकाचं एक रंगीत चित्र, खाली चार ओळी इंग्रजी आणि कुणी कुणी दिलेल्या चांदण्या. आमचे शेठ त्यातले काही विकत घेऊन दुकानातल्या कम्प्युटरवर उतरवून ठेवायचे आणि गिऱ्हाइकाच्या मेमरी कार्डात गाणी भरताना सोबत गेमही भरून द्यायचे. एकदा घेतलेला गेम गावभर वाटणं बरोबर की चूक, हा प्रश्न तेव्हा जव्हारात कुणाला पडला नव्हता. शेठना इंग्रजी येत नव्हतं आणि बारीक पडद्यावर त्यांचे डोळे टिकत नव्हते. एकदा त्यांनी चित्र बघून एक गेम सरसकट सगळ्यांच्या कार्डात भरला. तो उघडला की फोन जागच्या जागी थिजायचा, बॅटरी काढून पुन्हा बसवल्याशिवाय हलायचा नाही. पुढच्या बाजारी दाभोशापासूनची माणसं भांडायला आली. तेव्हापासून ठरलं की नवा गेम आधी मी खेळायचा. मी पास म्हटलं तर भरायचा, नापास म्हटलं तर नाही.

"तुलाच का ठेवलंय, माहीत आहे का?" शेठ म्हणायचे. "तू भित्री भागूबाई आहेस म्हणून. शूर माणूस कुठलंही बटण दाबतो."

त्यात खोटं काही नव्हतं. मी लहान असताना वडील वावरकडच्या एका शाळेत मास्तर होते. ज्या वर्षी तिकडची पोरं भुकेनं, आजारानं दगावली, त्या वर्षी ते शनिवारी घरी यायचे आणि चुलीजवळ नुसते बसून राहायचे. हजेरी घेताना एखाद्या नावाला 'हजर' आलं नाही, की पुढचं नाव घ्यायला जीभ उचलत नाही, असं त्यांनी एकदा आईला सांगितलेलं मी ऐकलं. नंतर धुरळा उडवत गाड्या आल्या, साहेब आले. वडील म्हणायचे, "नंतर धावण्यापेक्षा आधी घाबरलेलं बरं." आमच्या घरात ही म्हण मीठ-भाकरीसारखी रोज पानात असायची. मी तिच्यावरच वाढले.

त्यामुळे गेम चांगला की वाईट हे मी ठरवायचे ते भीतीच्या बाजूनं. चित्रावर माझा विश्वास नव्हता. लग्नाच्या स्थळाचा फोटो आणि प्रत्यक्ष नवरा यांत जेवढा फरक, तेवढा त्या चित्रात आणि आतल्या गेममध्ये असायचा. चांदण्यांवर तर त्याहून नाही. चांदण्या देणाऱ्यांचे फोन भारी, त्यांच्या घरी वीज दिवसभर. आमच्याकडे कोण खेळणार, तर वीटभट्टीवर निघालेला बाप्या नाहीतर जीपची वाट बघत बसलेली बाई. म्हणून मी दुकानातला सगळ्यात रड्या फोन घ्यायचे, आकडे पुसलेला, आणि त्यावर गेम लावायचे. गेम आडवा पडला तर त्यातून बाहेर पडता येतं का, हे मी सगळ्यांत आधी बघायचे. बाहेरचा रस्ता सापडेपर्यंत माझं आत लक्षच लागायचं नाही. मग बॅटरी किती खातो. मग अचानक किंकाळी-बिंकाळी फोडतो का. कारण भुताच्या एका गेमनं मी स्वतःच खुर्चीवरून उठून रस्त्यावर गेले होते आणि समोरच्या चहावाल्यानं ते बरेच दिवस पुरवून पुरवून सांगितलं. आणि सगळ्यात शेवटी, तो खेळणाऱ्याला काही विचारतो का. विचारणाऱ्या गेमची मला फार भीती वाटायची. का, ते सांगता आलं नसतं. गेमनं आपलं गेमचं काम करावं, त्याला माणसाला विचारण्यासारखं काय असतं?

त्या हिवाळ्यात नदीचा गेम आला.

नावात काही अर्थ नव्हता, सगळे त्याला नदीवालाच म्हणायचे. एक बाई डोक्यावर टोपली घेऊन नदी ओलांडते. पाण्यात दगड आहेत, ते वरखाली होतात, मधेच मगर तोंड काढते. दोन बटणांत खेळ. वाचायला काही नाही. पाण्याचा आवाज इतका गोड की शेठसुद्धा माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. बॅटरी खात नव्हता, थिजत नव्हता, दोन काठ पार होईपर्यंत मी त्याला मनात पास करून टाकला होता. तिसऱ्या काठावर बाई पोचली आणि पाणी थांबलं. पडद्यावर एक चौकट आली. पुढे जायचं का, असं इंग्रजीत विचारलेलं आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत आणखी काहीतरी, जे त्या फुटक्या पडद्यावर मला लागेना. डावीकडे हो, उजवीकडे नाही. मी नाही दाबलं. बाई टोपलीसकट पुन्हा पहिल्या काठावर आली. तीन वेळा खेळले, तिन्ही वेळा तेच. हो म्हणायचा मला धीर झाला नाही.

"नापास," मी म्हटलं.

"अगं, सोन्यासारखा गेम आहे!"

"विचारतोय तो."

"विचारू दे की! हो म्हण."

"काय विचारतोय ते कळल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

शेठनी कपाळाला हात लावला, पण गेम भरला नाही. पलीकडच्या दुकानानं मात्र भरला. आणि एकाच्या फोनवर आला की ब्लूटूथनं तो दुसऱ्याच्या फोनवर जायला वेळ लागत नसे. जीप खोडाळ्याला पोचेपर्यंत अख्ख्या जीपच्या खिशात तो गेम असायचा. माझ्या पास-नापासला कुत्रं विचारत नव्हतं. आठवडाभरात जव्हार-मोखाड्यात जो तो नदी ओलांडायला लागला.

इथं ताईबद्दल सांगायला हवं. माझी थोरली बहीण सूर्यमाळकडच्या एका पाड्यावर दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी, जव्हारला झालं, आणि तेव्हा रक्त थांबता थांबेना. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन बजावलं होतं, दुसरी खेप घरी अजिबात करायची नाही, कळ आली की सरळ दवाखाना. आता तिला दुसरी खेप होती आणि दिवस भरत आले होते. आम्ही तिला आधीच घेऊन येणार होतो. पण तिथं लहान मूल, गुरं आणि दाजी वसईकडं बांधकामावर गेलेले. भातकापणी उरकली की त्यांच्याकडचे पुरुष असेच जातात. "वेळेला येते की," ताई म्हणाली, आणि येणं लांबत गेलं.

पाड्यावर फोन लागत नसे. वरच्या टेकाडावर एक जांभळाचं झाड होतं, त्याच्या एका फांदीपाशी तेवढी रेंज यायची. दाजींनी आपला फोन तिथं गोधडीच्या कापडाच्या पिशवीत घालून टांगून ठेवला होता. सकाळी टांगायचा, दिवस मावळताना उतरवायचा. आणि त्याच्याखाली राखण बसायची ताईची सासू. मी तिला मावशी म्हणते. मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हिरवं बटण दोनदा दाबलं की शेवटचा नंबर लागतो, एवढं दाजींनी तिच्याकडून घोटून घेतलं होतं. तो शेवटचा नंबर आमच्या दुकानाचा. कळा सुरू झाल्या की मावशीनं आम्हाला मिस कॉल द्यायचा, आणि आम्ही खोडाळ्याच्या जीपवाल्याला पाठवायचं. बोलायचं नाही, पैसे घालवायचे नाहीत. आणि मिस कॉल आला नाही, म्हणजे सगळं ठीक.

हे कुणी ठरवलं, आठवत नाही. आम्हाला सगळ्यांनाच ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. रोज संध्याकाळी आई विचारायची, "काही आलं का गं?" मी म्हणायचे, "काही नाही." आणि आई निवांतपणे तांदूळ निवडायला बसायची.

ज्या दिवसाचं मी सांगतेय, त्या दिवशी सकाळी खोडाळ्याचा तोच जीपवाला दुकानात आला. मोठ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा गडी. मला तो मास्तरीणबाई म्हणायचा. कार्ड काचेवर ठेवून म्हणाला, "मास्तरीणबाई, नदीवाला भरा. माझा चुकून उडाला."

"तो आमच्याकडे नापास आहे."

"घ्या! सगळी दुनिया खेळते, आनि हितंच नापास!"

शेठनी संधी साधली. "आता तरी एकदा हो दाबून बघ. काय वाघ बाहेर येणार आहे का? दुकानाच्या फोनवर दाब, काय व्हायचं ते माझं होईल."

दोघं दोन बाजूंनी बघत उभे. मी खेळले. तिसऱ्या काठावर चौकट आली. आपण एवढ्याशा गोष्टीला घाबरतोय याची लाज वाटत होती. मी हो दाबलं. फोननं आपणहून आणखी एकदा काहीतरी विचारलं. पुन्हा हो. पाणी वाहायला लागलं, बाई पुढं निघाली, पुढचा काठ आधीच्याहून सुंदर होता.

"झालं काही?" शेठ म्हणाले.

काही झालं नव्हतं. चौथा काठ, पुन्हा चौकट, पुन्हा हो. पाचवा. सहाव्या काठावर फोन एकदा टिणटिणला. गेम बंद करून मी मेसेज उघडला. तो आकडे पुसलेला फोन शेठनी कालच भरला होता, आणि आता त्यात एक पैसा उरला नव्हता. प्रत्येक हो-सोबत फोननं कुठल्या तरी लांबच्या नंबराला एक महागडा मेसेज धाडला होता. मुंगीच्या पायाची अक्षरं तेच सांगत होती.

"अरे चोरा!" शेठ म्हणाले. जीपवाला मोठ्यानं हसला. "तरीच माझ्या फोनला भोक पडल्यावानी पैसे जातात! आनि आमच्या सूर्यमाळची म्हातारी? ती तर दिवसभर त्योच खेळती."

"कुठली म्हातारी?"

"तुमच्या ताईची सासू. पिशवीतनं फोन काढून, झाडाखाली बसून. ल्योकानं जाताना भरून दिलाय, येळ जायला. मी रोज बघतो की जाता-येता. लई हुशार झाली ती, मगर बिगर काय सोडत नाय."

मला पहिल्यांदा हसू आलं, हे मला पक्कं आठवतं. टेकाडावर नऊवारी खोचून बसलेली मावशी आणि मगर. मग ते हसू तोंडावरच राहिलं. मावशी चौकट आली की काय करत असेल? ती हो म्हणत असेल. फोनमधले पैसे संपले असतील. आणि फोनमध्ये पैसे नसले की मिस कॉलसुद्धा लागत नाही.

आम्ही इतके दिवस जी शांतता सगळं ठीक आहे म्हणून ऐकत होतो, ती मुक्या झालेल्या फोनची शांतता होती. तिचा आता काहीही अर्थ असू शकत होता. मला वडिलांची हजेरी आठवली.

मी दुकानाच्या दुसऱ्या फोनवरून ताईचा नंबर लावला. रिंग जात होती. एक गेली, पूर्ण वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. फोन झाडावर वाजत होता आणि खाली कुणी नव्हतं. ऊन असो, थंडी असो, मावशी दिवसभर तिथून हलत नसे.

"पान्याला गेली आसंल," जीपवाला म्हणाला. पण आता तोही हसत नव्हता.

शेठनी ताईच्या नंबरवर रिचार्ज मारला. तो लगेच गेला. पण पैसे आलेत हे तिथं कळणार कुणाला? पुन्हा रिंग, पुन्हा कुणी नाही. शेठ जीपवाल्याला म्हणाले, "हिला घेऊन आत्ता नीघ. सीट भरायची वाट बघू नकोस. बाकीचं मी बघतो." मी चपला घातल्या की नाही तेही मला कळलं नाही, जीपमध्ये बसल्यावर बघितलं, तर पायात होत्या.

मोखाड्यापर्यंतचा रस्ता मी बघितलाच नाही. फोनवर रेंजची कांडी दिसली की नंबर लावायचा, रिंग ऐकायची, कांडी गेली की फोन कपाळाला टेकवून बसायचं. मला वळणांची भीती वाटते, एरवी मी ओंजळीत तोंड घालून बसते. त्या दिवशी मी जीपवाल्याला जोरात चालवा म्हणत होते. मनात सगळी वाईट चित्रं रांगेनं येत होती आणि मी एकेकाला नाही म्हणत होते, पण ती परत पहिल्या काठावरून सुरू व्हायची. मी देवाला काय काय कबूल केलं, ते आता आठवतही नाही. खोडाळ्याच्या पुढं रेंज गेली ती गेलीच.

पाड्याच्या खाली रस्त्याला जीप थांबली. मी उतरता उतरता म्हटलं, "गाडी वळवून ठेवा. तोंड खाली करून. आणि बंद नका करू."

"मास्तरीणबाई, आजून बातमी तरी कळू द्या!"

"वळवून ठेवा!" मी ओरडले. आयुष्यात कुणावर एवढ्या मोठ्यानं ओरडले नव्हते. त्यानं गाडी वळवली.

पायवाट टेकाडावरूनच जाते. जांभळाच्या फांदीला पिशवी लोंबत होती. खाली मावशीचा बसायचा दगड, त्यावर दुमडलेलं गोणपाट आणि मातीत पडलेली मशेरीची डबी, उघडी. मावशी घर सोडेल पण मशेरीची डबी सोडणार नाही, हे मला माहीत होतं. फोन उतरवला, तर त्यावर माझे सगळे न उचललेले कॉल आणि शेठनी मारलेल्या रिचार्जचा मेसेज. सगळं वेळेवर येऊन तिथं लटकत होतं. मी पळत सुटले.

घरासमोर बायका उभ्या होत्या. त्यांनी वाट दिली. ताई आत जमिनीवर कुशीवर पडली होती, केस कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरे. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आलीस? मिस कॉल लागला म्हंजे." आणि डोळे मिटले. मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

मावशी तिचे पाय धरून बसली होती. मला बघून ती एकदम रडायला लागली. "सकाळपासना लावते गं. बेल जातच नाय. आत बाई बोलायची. कायतरी हिंदीत, कायतरी विंग्रजीत. मी तिलाच म्हणले, बाई, माझ्या सुनेचं पोट दुखतं, जीप धाड. किती येळा सांगितलं तिला! ती आपली त्येच त्येच बोलायची, माझं आयकून घेयना." मग शेजारचा एक गडी जंगलातल्या वाटेनं पायीच खोडाळ्याकडं निघाला होता, तो अजून डोंगरातच कुठंतरी असणार.

"जीप खाली उभी आहे," मी म्हटलं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. चादरीची झोळी, तिला घातलेला बांबू, चार खांदे, उतारावर घसरणारे पाय. झोळीतून ताईचा हात बाहेर आला होता, तो मी धरून चालत होते आणि तो गार होता. वाटेत रक्त दिसलं. मी आईला काय सांगू, हे एकच डोक्यात. जीपवाल्यानं दार उघडून धरलं, गाडी चालूच होती. वाटेत त्यानं एकदाही हॉर्नवरचा हात काढला नाही. मावशीनं ताईचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती तिच्याशी बोलत होती; दुभत्या गाईशी बोलावं तसं, हळू, थांबायचं नाव नाही.

खोडाळ्याच्या दवाखान्यात ताईला आत नेलं आणि दार लागलं. आम्ही व्हरांड्यात. आत धावपळ, भांड्यांचे आवाज, कुणीतरी कुणाला लवकर म्हणालं. मग काहीच आवाज नाही. ती शांतता मी सांगू शकत नाही. त्या दिवसापासून मला शांततेचा विश्वास वाटत नाही, आजही नाही. घरातलं माणूस बाहेरगावी असलं आणि फोन आला नाही, की लोक म्हणतात, काही नाही म्हणजे बरंच असेल. मी मात्र लगेच नंबर लावते.

मग आतून एक बारीक आवाज आला. तो थांबला, आणि पुन्हा मोठा आला. नर्सबाईंनी दार किलकिलं करून सांगितलं, "मुलगी आहे. आईचं रक्त थांबलंय. घाबरू नका आता." मला घाबरू नका म्हणणं सोपं आहे. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि मला हुंदके आवरेनात. जीपवाला दुसरीकडे तोंड करून मिशीवरून हात फिरवत राहिला.

उतरतं ऊन व्हरांड्यात आलं होतं. मावशी माझ्याशेजारी येऊन बसली. तिनं माझ्या हातातला फोन बघितला.

"ह्यो मेला का?" तिनं विचारलं.

मी तिला सांगितलं. गेममधली चौकट पैसे मागते. हो म्हटलं की फोनमधले पैसे जातात. पैसे गेले की बेल जात नाही. आतली बाई माणूस नाही, ती नुसती पैसे नाहीत एवढंच सांगते. जमेल तितक्या हळू सांगितलं, पण मावशीचा चेहरा बघता बघता उतरत गेला. ती हाताच्या बोटांकडे बघत बसली.

"त्यो इचारायचा," ती म्हणाली. "दर येळी थांबून इचारायचा. कोनी इचारलं तर हो म्हनावं. मी हो म्हनायची."

"तुम्हाला कुठं माहीत होतं, मावशी?"

"मी राखनीला बसले होते गं."

मी गेम उघडला. बाई टोपली घेऊन निघाली. मी तिला भराभर दगडांवरून नेलं, चौकट आली. मावशीच्या हातात फोन देऊन मी दाखवलं, "हे डावीकडचं हो. हे उजवीकडचं नाही. हे दाबायचं."

तिनं बोट उजवीकडच्या बटणावर नेलं, दाबलं नाही. "हे काय करतं?"

"काही नाही. परत पहिल्या काठावर नेतं. पैसे घेत नाही."

"हे आधीपासना होतं? पयल्या दिवसापासना?"

"हो."

मावशी त्या बटणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग आमाला कोनी दावलं कसं नाय?"

मी तो गेम बॅटरीवरून तपासला होता, बाहेरच्या रस्त्यावरून, विचारतो की नाही यावरून. ज्यांना नाहीचं बटणच कुणी दाखवलेलं नाही, ती माणसं तो खेळणार आहेत, हे माझ्यासारख्या भित्रीच्याही मनात आलं नव्हतं.

मी म्हटलं, "द्या, काढून टाकते तो गेम."

"ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाली. तिनं बटण दाबलं. चौकट गेली, बाई पहिल्या काठावर येऊन उभी राहिली. मावशीनं तिला पुन्हा दगडांवरून नेलं, सावकाश, मगर चुकवून. चौकट आली, तिनं पुन्हा उजवीकडचं बटण दाबलं. मग पुन्हा. आत पोर रडत होतं आणि मावशी व्हरांड्यात बसून एकेक वेळ नाही म्हणत होती.